पंच घरात आले नाहीत

जमादाराने काठीच्या टोकाने माझ्या आईचा पदर उचलला.

"कमरेला काय बांधलंयस गं?"

काय बांधलेलं असणार? पानाची चंची होती. ती त्याने काठीनेच उडवली. सुपारी, चुन्याची डबी, सगळं अंगणातल्या मातीत. आईने पदर आवळून धरला आणि ती खाली बघत राहिली. मी दारात उभी होते, सतरा वर्षांची, सातवीची फायनल पास झालेली. शाळेत मास्तरीण म्हणून ऑर्डर येईल म्हणून वाट बघत बसलेली. आणि मी काही बोलले नाही. आधी हेच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं सांगताना मी मोठी शूर असल्यासारखं वाटेल.

सकाळचे नऊ वाजले असतील. आईने पेज रटरटायला ठेवली होती. जमादार आणि दोन शिपाई सरळ आत आले, बुटांसकट. कशासाठी आलात, कोणी पाठवलं, काही नाही. "दारूची खबर आहे," एवढंच. तेव्हा दारूबंदी होती. दारूबंदी म्हणजे पोलिसाला कुणाच्याही घरात शिरायला मिळालेला परवाना, असंच आम्ही धरून चाललो होतो. कुणाच्याही म्हणजे आमच्या. तात्या खोताच्या माडाच्या बागेत रोज संध्याकाळी काय चालायचं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण तिथे कधी कुठला जमादार गेला नाही. गेला असेल तर प्यायला गेला असेल.

आमच्या घरात दारू कधी आलीच नाही असं मी म्हणणार नाही. माझा काका प्यायचा. पण तो त्या साली जिवंत नव्हता, आणि त्या दिवशी आमच्या घरात पेज, मूठभर सुकट आणि उकड्या तांदळाचं एक मडकं याशिवाय काही नव्हतं.

आमची वाडी गावाबाहेर, खाडीच्या अंगाला. महारवाडा. वाडीला चिऱ्यांचा गडगा, आणि त्या गडग्यापलीकडे, अंगणापासून वीस पावलांवर, दोन माणसं उभी होती. एक तात्या खोत. खोती कायद्याने गेली होती, पण तात्या गेला नव्हता. देवळातला पहिला मान त्याचा. दुसरा गावातला दुकानदार. दोघांनी धोतराचे सोगे वर धरले होते. तात्याने उपरणं नाकाला लावलं होतं. हे दोघे पंच होते. झडती घेताना पोलिसाने पंच बरोबर आणायचे असतात, त्यांच्यासमोर झडती व्हायची असते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटलं, गंमत बघायला आलेत.

गंमत त्यांना मिळाली.

आमची एक पत्र्याची ट्रंक होती. शिपायाने ती उचलून अंगणात आणली आणि उलटी केली. आईचं लग्नातलं लुगडं. माझं फायनलचं सर्टिफिकेट. आईचे आणि माझे महिन्याचे फडके, धुऊन, घडी घालून, अगदी तळाशी ठेवलेले. ते सगळ्यांच्या वर येऊन पडले. शिपाई हसला. मी धावले आणि त्यांच्यावर लुगडं टाकलं. जमादार म्हणाला, "मागे हो."

मग त्याला पत्र सापडलं.

बाप मुंबईला गोदीत हमाल होता. त्याला लिहिता येत नसे. गोदीबाहेर बसणारा एक माणूस त्याची पत्रं लिहून द्यायचा, सगळी एका साच्यातली. "कृतानेक नमस्कार विनंती विशेष, मी खुशाल आहे, तुमची खुशाली कळवावी." पण प्रत्येक पत्रात बाप एक ओळ आपल्या बोलीत घालायला लावायचा. तेवढी एक ओळ त्याची. मी आईला पत्र वाचून दाखवायचे, आणि ती ओळ आली की पत्र तिच्या हातात द्यायचे. तिला अक्षर येत नव्हतं. पण ती ओळ कुठे आहे ते तिला ठाऊक असायचं. बोट ठेवून बसायची.

जमादाराने ते पत्र अंगणात मोठ्याने वाचलं. कृतानेक नमस्कार भराभर वाचला, आणि त्या ओळीवर थांबला. घसा खाकरला. आवाज बदलून, नाटकातल्यासारखा, वाचलं:

"काल तुका सपनात बगलंय. तू हसत होतंस."

गडग्यापलीकडून तात्याचं हसणं आलं. दुकानदाराचं आलं. तात्या म्हणाला, "अरे वा, म्हाराक सपना पडतत!"

जमादाराने पत्राची घडी केली आणि स्वतःच्या खिशात घातली. त्यात दारूचा काय पुरावा होता? शिरा पडो त्याच्या तोंडार.

आईने तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. "तां माझा आसा," ती म्हणाली. "तां माका दी."

कोणी तिच्याकडे बघितलंही नाही. एवढ्यात जमादार पुन्हा आत गेला आणि लगेच बाहेर आला. हातात बाटली, अर्धी भरलेली. "चुलीमागे सापडली," असं तो गडग्याकडे तोंड करून ओरडला. तात्याने मान डोलवली. झालं. झडती संपली.

आता सहीचं सांगते. शिपायाने एक कोरा कागद गडग्यावर नेऊन ठेवला. तात्याने खाली सही केली, दुकानदाराने केली. मग तो कागद आमच्या अंगणात आला आणि आईचा अंगठा घेतला. असा क्रम का? कागद आधी आईच्या हाताला लागला असता तर बाटला असता. मग त्या दोघांनी सही कशी करायची? म्हणून त्यांच्या सह्या आधी. आणि मजकूर सगळ्यांत शेवटी, चौकीवर बसून, सावकाश. जमादारानेच लिहिलेला. एक अक्षर लिहिलेलं नसताना तिघांची कबुली त्यावर होती. आम्हाला नक्कल दिली नाही. मागायची असते हे कुणाला ठाऊक?

हे सगळं कशामुळे, ते वाडीत सगळ्यांना कळत होतं. आठ दिवसांपूर्वी तात्याची आत्या वारली होती. गावात कोणी मेलं की सांगावा घेऊन नातेवाइकांच्या गावांना धावायचं काम आमच्या लोकांचं. वालावलला जा, कसालला जा, आरोंद्यापर्यंत जा, पायी, उन्हापावसात. तिथे पोचलं की अंगणाबाहेरून ओरडून सांगायचं आणि तसंच परतायचं. त्या साली पाळी आमच्या घराची होती आणि बाप मुंबईत. तात्याचा गडी आईला बोलवायला आला. आई म्हणाली, "कसालाक आता यष्टी जाता. तुमच्यातलो कोण तरी जावंदे."

एवढंच बोलली. शिवी नाही, आवाज चढवला नाही. मी हसले होते तेव्हा. वाडीतल्या म्हाताऱ्या मात्र हसल्या नव्हत्या.

केस तालुक्याच्या कोर्टात लागली. वाडीतल्या लोकांनी वर्गणी काढून वकील केला. वकील म्हातारा, वाईट माणूस नव्हे, पण कंटाळलेला. त्याने आईकडे बघितलंच नाही. मला म्हणाला, "गुन्हा कबूल करायला सांग. पहिलाच गुन्हा आहे, बाई माणूस आहे, थोडक्यात सुटेल. नाही म्हणाली तर साक्षी होतील, खोत साक्ष देणार, मग तुरुंग."

आईला ते पटलं. "कबूल करतंय," ती घरी येऊन म्हणाली. "काय जाता माझा? तुझी आर्डर येवची आसा. कोर्टाचा लफडा मिटलेला बरा."

"न केलेलं कबूल करतलंस?"

"आजवर केलेला कितीसा आमच्या नावावर लागला गो बाये?"

मी भांडले. जेवले नाही. अंगणातून आत, आतून अंगणात, नुसत्या फेऱ्या. आई म्हणाली, "वायच बस तरी." मला बसवेना. दारूवालीची मुलगी म्हणून माझी नोकरी जाईल ही भीती होतीच, ती मी लपवत नाही. पण त्याहून जास्त मला तो जमादाराचा आवाज छळत होता. नाटकातला. माझ्या बापाची ओळ त्याच्या तोंडात. रस्त्याने जाताना, विहिरीवर, कुठेही मला तो ऐकू यायचा.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच वकिलाकडे गेले. तो कोर्टात गेलेला. बाहेरच्या बाकावर त्याचा कारकून बसला होता, आणि टेबलावर फौजदारी पद्धतीच्या कायद्याचं मराठी पुस्तक. पुठ्ठा सुटलेलं. मी म्हटलं, "वाचू?" तो हसला. "तुला काय कळणार? वाच."

कळलं की! दोन तास लागले, पण कळलं. वाक्यं शेपटीसारखी लांबच लांब, तरी मी फायनलला व्याकरणात पहिली आले होते. झडतीच्या आधी त्या वस्तीतल्या दोन तरी प्रतिष्ठित रहिवाशांना बोलवावं. झडती त्यांच्या समक्ष व्हावी. घरच्या माणसाला हजर राहू द्यावं. काय सापडलं आणि कुठे सापडलं याची यादी करावी, मागितली तर नक्कल द्यावी. बाईची झडती घ्यायची तर दुसऱ्या बाईने, तिची लाज राखून.

लाज राखून! हे छापलेलं होतं. इंग्रजांच्या वेळेपासून छापलेलं होतं. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, रागाने. म्हणजे हे होतं. आमच्यासाठी एक रेघ आखलेली होती आणि आम्हाला ती कोणी दाखवली नव्हती. काठी पदराला लागली तेव्हा जमादार कायदा मोडत होता आणि मी समजत होते की हाच कायदा.

आणि तो प्रतिष्ठित शब्द. वस्तीतले प्रतिष्ठित. आमच्या वाडीत मोठी माणसं चोवीस होती. एक लष्करातून पेन्शन घेऊन आलेला हवालदार होता. त्या चोवीसांत जमादाराला एकही प्रतिष्ठित सापडला नाही. वस्तीबाहेरचे दोन आणले, ते वस्तीत शिरेनात.

कारकुनाला मी पंचनामा दाखवायला सांगितला. नक्कल वकिलाच्या दप्तरात होती. त्यात लिहिलं होतं: "आम्ही पंच समक्ष घरात जाऊन पाहता, माजघरातील चुलीमागील भिंतीच्या कोनाड्यात..."

मी वाचता वाचता थांबले. कुडाच्या भिंतीला कोनाडा? काटक्यांवर शेण लिंपलेली भिंत आमची, त्यात कोनाडा करायला गेलं तर हात पलीकडे जाईल. आणि चूल माजघरात नव्हतीच. आमच्या घराला माजघरच नव्हतं. एक खोली आणि मागे उघडी पडवी. चूल त्या पडवीत. जमादाराने सवयीने लिहिलं होतं, प्रत्येक पंचनाम्यात लिहितो तसं, चांगल्या चिरेबंदी घरातलं.

संध्याकाळी वकिलाला सांगितलं. ऐकून घेतलं त्याने. मग चष्मा काढून म्हणाला, "मुद्दा आहे तुझा. पण तात्या खोताला भर कोर्टात मी विचारू, तुम्ही महाराच्या घरात गेला होता का म्हणून? माझी कुळं त्या गावात आहेत. आणि तुम्हाला तिथेच राहायचंय ना?"

"तुम्ही नाही विचारणार?"

"मी कबुलीचं बोललो होतो."

मग मी आमचं वकीलपत्र काढून घेतलं. सतरा वर्षांच्या पोरीला कुठून एवढी मस्ती आली, असं वाडीत बोलले. घरी येऊन मी आईसाठी अकरा प्रश्न लिहिले. तिच्याकडून पाठ करून घ्यायला लागले. आठ दिवस रोज. "सदर पंचनाम्यावर सही करतेवेळी मजकूर लिहिलेला होता काय?" आई म्हणायची, "सदर म्हणजे काय गो?" मी चिडायचे. ती पेज ढवळता ढवळता म्हणायची, "तू माका शाळेत घातलंस काय?" मी रडकुंडीला यायचे. पण त्या आठ दिवसांत तिने कबुलीचं नाव काढलं नाही. एकदा मध्येच म्हणाली, "पत्र परत गावात काय गो, जिंकलो तर?" मी म्हटलं, गावात. मला कुठे ठाऊक होतं?

कोर्टात गावातली पंधरावीस माणसं आली होती. तात्या साक्ष देणार म्हणून. देवळातला भटजी, मानकरी, सगळे बाकांवर. आम्ही भिंतीशी उभे.

सरकारी वकिलाने तात्याला विचारलं, "झडती तुमच्या समक्ष झाली?"

"होय."

"बाटली तुमच्या समक्ष सापडली?"

"होय."

"ही सही तुमची?"

"होय."

दोन मिनिटांत आटपलं. मॅजिस्ट्रेट आईकडे वळले. "काही विचारायचंय?"

आईने हात जोडले. माझे अकरा प्रश्न ती विसरली होती, तिच्या तोंडाकडे बघूनच मला कळलं. ती म्हणाली,

"तात्यानू, माझी चूल खंय आसा?"

बाकांवर हशा झाला. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, "काय म्हणतेय ती?" बेलिफाने सांगितलं. आई थांबली नाही. "बाटली चुलीमागे गावली म्हणतत. तात्यानी बगली म्हणतत. मगे चूल खंय आसा तां सांगूक नको?"

तात्या म्हणाला, "माजघरात. भिंतीला लागून." पंचनाम्यातलं पाठ करून आला होता.

"मगे तुमी माजघरात इलास? माझो उंबरो वलांडून?"

आता कोणी हसलं नाही.

तात्याने बाकांकडे बघितलं. भटजीकडे. मला तेव्हा एकदम दिसलं, तो कशात अडकला आहे ते. पंधरा दिवसांवर जत्रा होती. पालखीचा पहिला मान त्याचा. होय म्हणाला तर महाराच्या घरात, चुलीपर्यंत गेला, हे भर कोर्टात, भटजीसमोर कबूल झालं. मग कसली पालखी? प्रायश्चित्त घ्या, गोमूत्र प्या. नाही म्हणाला तर पंचनामा खोटा.

मॅजिस्ट्रेट म्हणाले, "उत्तर द्या. घरात गेला होता?"

तात्याचं तोंड लाल झालं. तो आईवर ओरडला, मॅजिस्ट्रेटवर नव्हे. "मी? मी तुझ्या घरात पाय ठेवीन? गडग्याच्या आत आलो नाही मी! आमच्या सात पिढ्यांत कोणी आलेला नाही!"

मॅजिस्ट्रेट लिहीत होते. लिहीतच राहिले. सरकारी वकिलाने कागद खाली ठेवले. दुकानदाराला बोलावलं, तोही तेच म्हणाला, मी तात्यांच्या बाजूलाच उभा होतो म्हणाला. जमादार भिंतीकडे बघत होता.

आई सुटली.

वाडीत त्या दिवशी लोक नाचले. मीही नाचले असते. पण निकाल मी स्वतः वाचला, नक्कल काढून. त्यात एवढंच होतं की पंच झडतीच्या वेळी घरात हजर नव्हते, सबब जप्ती शाबीत होत नाही. काठीबद्दल एक शब्द नाही. तात्या कोर्टात उभा राहून जी शिवाशीव बोलला, जिला कायद्याने बंदी होऊन दोन-चार वर्षं झाली होती, त्याबद्दल एक शब्द नाही. खोटी बाटली कोणी ठेवली, त्याबद्दलही नाही. जमादाराची बदलीसुद्धा झाली नाही. आणि तात्या? तो गावात ताठ मानेने परतला. बघा, कोर्टात शपथेवर असून धर्म सोडला नाही म्हणाले लोक. पालखीचा मान मिळालाच, वर हार घातले.

तेव्हा मला जे उमगलं ते आजही मला स्वस्थ बसू देत नाही. माझी आई खरं बोलते म्हणून सुटली नाही. तिच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, ठेवायची कुणाला गरजही पडली नाही. ती सुटली कारण तात्याच्या सोवळ्यावर सगळ्यांचा विश्वास होता. तो आमच्या घरात येणं शक्यच नाही, हे मॅजिस्ट्रेटला पटलं, सरकारी वकिलाला पटलं. आमचा विटाळ कामी आला! तात्या थोडा कमी सोवळ्याचा असता, दोन पावलं आत येऊन उभा राहिला असता, तर माझी आई तुरुंगात गेली असती. बाटली तीच, जमादार तोच. याला मी न्याय म्हणू? वाडीतले म्हणाले, सुटलो ना, मग गप बस. मी गप बसले नाही. चौकीवर गेले, पत्र मागायला. जमादार म्हणाला, "कसलं पत्र? यादीत दाखव." यादीत कुठे होतं ते? पत्र कुठल्याच यादीत नव्हतं.

आईला येऊन सांगितलं. चार दिवसांनी बापाला पत्र लिहायला बसलो तेव्हा म्हणाली, "लिव. पत्रात तसला काय घालू नको म्हणून लिव."

मी म्हटलं, आये, असं नको. ती म्हणाली, "लिव म्हणतंय ना."

मी लिहिलं. माझ्या हाताने लिहिलं. त्यानंतर बापाची जी पत्रं आली ती फक्त कृतानेक नमस्काराची. बाप मरेपर्यंत. आई ती पत्रं हातातही घेत नसे, मी वाचायचे आणि ती दुसरीकडे बघायची. कोर्टाने तिला सोडलं, पण हे कुठल्या कोर्टात परत मागायचं? मला राग येतो. अजून येतो.

माझी ऑर्डर आली. समुद्रकाठच्या दुसऱ्या गावी शाळेत लागले. गावातली मुलं मला बाई म्हणायला लागली, मग मोठी माणसंही म्हणायला लागली. माझं आडनाव ऐकून काहींनी भुवया चढवल्या, पण सरकारी पगार, स्वच्छ पातळ, हातात छत्री. चालून गेलं.

गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता. हद्दीपलीकडून चोरून कापड, सिगारेटी, घड्याळं यायची, रात्रंदिवस. या नव्या गावात रोझाबाय म्हणून एक ख्रिस्ती विधवा होती, मासे सुकवून विकणारी. एका सकाळी शाळा भरायच्या आधी तिच्या घरावर पोलीस आले. हा जमादार वेगळा होता, तरुण, गोड बोलणारा. शिपायाने मला शाळेतून बोलावून नेलं. अंगणात खुर्ची ठेवली होती. माझ्यासाठी.

"बसा बाई. पंच म्हणून तुमचं नाव घालतोय. गावातल्या प्रतिष्ठित व्यक्ती तुम्ही. कोर्टात तुमच्या सहीला वजन आहे."

खोटं कशाला बोलू? मला बरं वाटलं. पोटात गुदगुल्या झाल्या. मला कोणी खुर्ची देतंय, पोलीस मला बाई म्हणतोय, प्रतिष्ठित म्हणतोय. मी बसले. त्याने कागद पुढे केला. पेन दिलं. मी पेनचं टोपण काढलं.

कागद कोरा होता.

आतून भांडी पडल्याचा आवाज आला. रोझाबाय तुळशीऐवजी जिथे त्यांचा खुरीस म्हणजे क्रूस असतो तिथे उभी होती, हात पोटाशी धरून. एक शिपाई तिच्या अगदी जवळ. तिने माझ्याकडे बघितलं. विनवणी नव्हती त्या बघण्यात. तिने मला ओळखलं, एवढंच. खुर्चीत बसलेलं माणूस म्हणून ओळखलं. आणि मी ताडकन उठले, खुर्ची मागे पडली.

"आत कोण आहे?" मी विचारलं.

"आमची माणसं आहेत, झडती चाललीय. तुम्ही बसा ना."

"झडती माझ्यासमोर व्हायला हवी. मी आत जाते."

"बाई, आत मासळीचा वास आहे, तुम्हाला सोसवणार नाही."

"मला वास सोसतो. आधी तुमच्या माणसांना बाहेर बोलवा. त्यांचे खिसे रोझाबायला दाखवा. मग सगळे मिळून आत जाऊ. आणि त्या शिपायाला तिच्यापासून लांब करा. बाईच्या अंगाला हात लावायचा तर बाई आणा."

त्याचा गोडवा गेला. "तुम्ही सरकारी नोकर आहात, लक्षात आहे ना? कामात अडथळा म्हणून लिहू का?"

"लिहा. झडती का घेताय, कुणाच्या खबरीवरून, तेही लिहा. मग सह्यांचं बघू."

शूर वगैरे काही नव्हते मी. पण पाय मागे घेतला नाही. मी रोझाबायला विचारलं, "येऊ आत?" ती दचकली. त्या सकाळी तिला हे कोणी विचारलं नव्हतं. "यो," ती म्हणाली.

मी आत गेले. चुलीपर्यंत, खाटेखाली, माळ्यावर, सगळीकडे. माळ्यावर परदेशी कापडाचे दोन तागे सापडले. खरेच सापडले, माझ्या डोळ्यांसमोर. मी खाली जमिनीवर बसून यादी लिहिली: दोन तागे. जमादार म्हणाला, "सात लिहा, बाकीचे वाटेत मिळाले." मी दोनच लिहिलं. रोझाबाय रडत होती. तिला वाटलं होतं मी तिला वाचवीन. मी तिला म्हटलं, "होतं ते मी पुसू शकत नाही. नव्हतं ते घालू देणार नाही." यादीची नक्कल तिथेच करून तिच्या हातात दिली. मगच सही केली.

महिन्याभरात माझी बदली झाली, डोंगरातल्या एका शाळेत. हेडमास्तर म्हणाले, "कशाला नको त्या भानगडीत पडलात? बसून सही केली असती तर काय बिघडलं असतं?"

काय बिघडलं असतं ते मी त्यांना सांगत बसले नाही. तिथून पुढे जिथे जिथे गेले तिथे वाड्यावाड्यांत बायकांना सांगत गेले: दार अडवू नका, पण विचारा. का आलात? लेखी काय आहे? पंच कोण? ते आत येणार की नाही? अंगठा मागितला तर आधी मजकूर वाचायला लावा. वाचणारं कोणी नसेल तर मला बोलवा. बोलावतात. कोळणी बोलावतात, मासेमारी करणाऱ्या गाबितांच्या बायका बोलावतात, आमच्या वाड्यांतल्या तर बोलावतातच. जमादार मला बघून शिव्या घालतात, एकाने माझ्यावर अर्ज केला, दोन वेळा चौकशी झाली. होऊ दे. हवं तर आणखी दहा बदल्या करा. जिथे पाठवाल तिथे चुली आहेत, ट्रंका आहेत, बायका आहेत. मी त्यांच्या घरात त्यांना विचारून जाणार, तुमच्याआधी जाणार, आणि जे दिसेल तेच लिहिणार.